नांगी नंतर, आधी पोटाखाली बघा: खेकड्याची नवी प्रजाती मांडताना

शब्दांचा एक घोळ आधी निस्तरून घेऊ. शाळेच्या मराठी पुस्तकांत स्पीशीज म्हणजे ‘जाती’ आणि जीनस म्हणजे ‘प्रजाती’. वर्तमानपत्रात मात्र ‘खेकड्याची नवी प्रजाती सापडली’ असं छापून येतं तेव्हा बातमी स्पीशीजची असते. पुस्तकाचं बरोबर असलं तरी लोकांच्या तोंडी आता बातमीतला शब्द बसलाय. म्हणून मीही इथे स्पीशीजला प्रजाती म्हणतो आणि जीनसला जीनसच राहू देतो.

दुसरा घोळ ‘सापडली’ या शब्दात आहे. ओढ्यात, बिळात, झाडाच्या ढोलीत सापडतो तो खेकडा. आसपास राहणाऱ्या माणसांना तो बहुधा पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतो. प्रजाती ही त्या खेकड्याबद्दल केलेली मांडणी असते: नाव मिळालेल्या एकाही प्रजातीत हा प्राणी बसत नाही, आणि का बसत नाही ते हे असं. हे ‘का’ असं लिहायचं की तुम्हाला कधीही न भेटलेल्या माणसाला शंभर वर्षांनी बरणी उघडून ते पडताळता यावं. आज फ्रीजरपासून लॅटिन प्रत्ययांपर्यंत जे बारीकसारीक सांगणार आहे, ते सगळं त्या माणसाच्या सोयीसाठी.

गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या १३०० हून अधिक प्रजातींना आज नावं आहेत. पोटॅमिडी, जेकार्सिन्युसिडी, पोटॅमोनॉटिडी, स्यूडोथेल्फ्युसिडी आणि ट्रायकोडॅक्टिलिडी ही त्यांची मोठी कुळं. तरीही यादी दरवर्षी लांबतेच आहे, आणि त्याचं कारण त्यांच्या अंड्यात आहे. समुद्री खेकड्याची मादी हजारो, लाखो बारीक अंडी घालते, त्यांतून अळ्या निघतात आणि प्रवाहाबरोबर दूर जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची अंडी मोठी आणि थोडी. अळीची अवस्था अंड्यातच उरकते, बाहेर येतं ते चिमुकलं पण पुरतं खेकड्याचं पिल्लू, आणि तेही काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतं. वाहून दूर जाणारं कोणीच नाही. डोंगराच्या एका सोंडेवरचे खेकडे पलीकडच्या सोंडेवरच्यांपासून एकदा तुटले की तुटलेलेच राहतात. २००९ मध्ये १२८० प्रजातींना असलेल्या धोक्याचं जागतिक मूल्यमापन प्रसिद्ध झालं. त्यात ४९ टक्के प्रजातींपुढे ‘पुरेशी माहिती नाही’ असा शेरा आहे. म्हणजे नाव आहे, पण पुढचं काही नाही.

जमिनीवरच्या खेकड्यांचं गणित उलटं आहे. इथे आणखी एक खड्डा: जेकार्सिनिडी आणि जेकार्सिन्युसिडी ही दोन वेगळी कुळं आहेत, आणि अक्षर-दोन अक्षरांच्या फरकानं भलेभले घसरतात. जेकार्सिनिडीतले खेकडे आयुष्य जमिनीवर काढतात, पण मादी अळ्या सोडायला समुद्राकाठी उतरते. अळ्या वाहत जातात, म्हणून एकच प्रजाती एका महासागराच्या दोन काठांवर असू शकते. अशा खेकड्यात दोन बेटांवरच्या रंगात फरक दिसला तर लगेच हुरळून जायचं नाही. पण तो फरक झटकूनही टाकायचा नाही. ख्रिसमस बेटावरचा निळा खेकडा बराच काळ डिस्कोप्लॅक्स हर्टिपेस म्हणून ओळखला जायचा. २०१२ मध्ये इंग आणि डेव्ही यांनी त्याला वेगळं काढून डिस्कोप्लॅक्स सेलेस्टे हे नाव दिलं. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

आता ओढ्याकडे. परवाना आधी, पिशवी नंतर. कोणत्या देशात कोणाची परवानगी लागते ते वेगवेगळं असतं, पण परवान्याचा क्रमांक शोधनिबंधात छापावा लागतो आणि तो मागाहून मिळत नाही. भारतात जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवी प्रजाती नेमून दिलेल्या संस्थेला कळवावी लागते आणि तिचे नमुने तिथे जमा करावे लागतात.

धरलेले खेकडे एका बादलीत कधीही टाकू नका. ते भांडतात आणि एकमेकांचे पाय तोडतात. तुटक्या पायांचा खेकडा वर्णनाला अर्धा निकामी. प्रत्येकाला वेगळा डबा, आत ओला पाचोळा किंवा शेवाळ. डब्यात पाणी भरून ठेवलं तर त्यातला प्राणवायू संपून खेकडा गुदमरतो, ओलावा पुरतो. जिवंत असतानाच फोटो काढा: वरून, समोरून, खालून, नांग्या जवळून, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून. अल्कोहोलमध्ये नारिंगी, जांभळा, लाल सगळं पांढुरकं किंवा तपकिरी होतं, आणि नंतर रंगाबद्दल लिहिलेलं फक्त तुमच्या आठवणीवर उभं राहतं. फोटोआधी मऊ ब्रशनं चिखल काढा. जुन्या कवचावर लोहाचा तांबूस थर बसतो, आणि तो रंग म्हणून वर्णनात शिरल्याची उदाहरणं कमी नाहीत.

जिवंत खेकडा थेट अल्कोहोलमध्ये टाकला की तो आपले पाय झटकून टाकतो. पाय मुळाशी ठरलेल्या जागी तुटतो, ती त्याची सुटकेची युक्ती आहे. म्हणून आधी थंड करायचं, हळूहळू. आधी शीतकपाट, मग फ्रीजर, हालचाल पूर्ण थांबेपर्यंत. लवंगतेल घातलेल्या पाण्यानंही भूल देता येते. त्यानंतर चालण्याच्या एका पायातून स्नायूचा तुकडा काढून ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये वेगळ्या कुपीत ठेवायचा, तो डीएनएसाठी. तुकडा उजव्या बाजूच्या पायातून घ्या आणि डावी बाजू चित्रांसाठी अखंड ठेवा. मग आख्खा खेकडा तीव्र इथेनॉलमध्ये. खेकड्याच्या अंगात पाणी भरपूर असतं, ते अल्कोहोल पातळ करतं, म्हणून दुसऱ्या दिवशी द्रव बदलावाच लागतो. मोठ्या खेकड्यात कवच द्रवाला आत शिरू देत नाही आणि पचनग्रंथी आतून सडायला लागते. पायाच्या मुळाशी असलेल्या मऊ पडद्यातून सुईनं इथेनॉल आत सोडा. स्थिर झाल्यावर कायमचा मुक्काम ७० ते ७५ टक्क्यांत. त्याहून तीव्र ठेवलं तर सांधे ठिसूळ होतात, पाय हातात येतात.

फॉर्मलिन टाळा. डीएनए खराब होतो, सांधे लाकडासारखे ताठ होतात, आणि द्रव आम्लधर्मी असेल तर कवचातला चुना विरघळून खेकडा लिबलिबीत होतो.

लेबल बरणीच्या आत, पेन्सिलीनं किंवा अल्कोहोलमध्ये न विरघळणाऱ्या शाईनं, जाड कागदावर. लेझर प्रिंटरवर छापलेली अक्षरं काही वर्षांत सुटून बरणीच्या तळाशी काळ्या भुकटीसारखी पडतात. ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कोणी धरला, आणि अधिवास एका ओळीत: ‘जांभ्याच्या सड्यावरील कपारीत’ किंवा ‘ओढ्यापासून दूर ओल्या मातीत बीळ, तळाशी पाणी’. कागद हरवलेला खेकडा कितीही देखणा असला तरी विज्ञानाच्या दृष्टीनं तो अनाथ. भडक रंगाचे जिओसेसार्मा खेकडे जावाहून येऊन बरीच वर्षं शोभेच्या जलचरांच्या बाजारात विकले जात होते. त्यांतल्या दोन प्रजातींना नाव मिळालं २०१५ मध्ये. दुकानातून आलेल्या प्राण्याचं मूळ ठिकाण शोधणं हे वर्णनाहून अवघड काम असतं.

आता टेबलावर. खेकडा दिसला की सगळ्यांचं लक्ष नांगीकडे जातं. आपण तो उताणा करू. पोटाखाली दुमडलेली पट्टी म्हणजे त्याचं उदर. मादीत ती पूर्ण वाढीनंतर रुंद, गोलसर होते आणि छातीचा तळ जवळजवळ झाकून टाकते. पट्टी अजून अरुंद असेल तर मादी अपक्व आहे, तिला वर्णनाचा आधार करू नका. नरात पट्टी अरुंद असते: काही गटांत त्रिकोणी, काहींत मुळाशी रुंद आणि पुढे एकदम निमुळती. हा फरक कुळ आणि जीनस ठरवताना कामाला येतो, म्हणून शेवटच्या खंडाची लांबी-रुंदी आणि सहाव्या खंडाच्या कडा सरळ आहेत की आत वळलेल्या, हे लिहून ठेवा.

नराची पट्टी चिमट्यानं उघडली की काड्यांसारख्या अवयवांच्या दोन जोड्या दिसतात. हेच गोनोपॉड, म्हणजे नराचे समागमाचे अवयव. पहिली जोडी, जिला आम्ही जी-वन म्हणतो, पन्हळीसारखी वळून नळी झालेली असते. दुसरी, जी-टू, बारीक असते आणि पहिलीच्या मुळातून आत शिरते. पिचकारी आणि तिचा दट्ट्या डोळ्यांपुढे आणा. कवचाचा फुगीरपणा माती, वय आणि खाणं यांनी बदलतो. जी-वनचा आकार पूर्ण वाढलेल्या नरांत बराच स्थिर राहतो आणि प्रजातीगणिक वेगळा असतो, म्हणून खेकड्यांच्या वर्गीकरणाचा मोठा भार या काही मिलिमीटरच्या काडीवर आहे.

ती काढताना: नमुना ओला ठेवा, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्यानं काडीचं मूळ पकडा, भोवतालचा पडदा आणि स्नायू बारीक कात्रीनं कापा, आणि ओढू नका. ओढलं की टोकाचा खंड तिथेच तुटतो, आणि महत्त्वाचं सगळं त्या टोकातच असतं. नेहमी डावी जोडी काढायची, म्हणजे जगभरची चित्रं एका बाजूची राहतात आणि तुलना सोपी जाते. टोकाचा खंड आणि त्याच्या आधीचा खंड यांच्या लांबीचं प्रमाण, टोक बाहेर वळतं की आत, सरळ निमुळतं होतं की मध्येच एकदम बारीक होतं, खोबण कोणत्या बाजूनं दिसते, केस कुठे आहेत. जी-टूमध्ये टोकाकडचा भाग मुळाच्या भागाच्या तुलनेत किती लांब आहे ते बघा. काही जीनसमध्ये तो लांब चाबकासारखा असतो, काहींत नुसता खुंट.

इथली सगळ्यात मोठी चूक कोनाची. काडी थोडीशी जरी स्वतःभोवती फिरली तरी सरळ टोक वाकडं दिसतं. मग दोन लेखकांच्या दोन चित्रांतला फरक प्रजातीचा फरक म्हणून छापला जातो, आणि तो खरा असतो काडी ठेवण्याचा फरक. काडी द्रवात बुडवून स्वच्छ बारीक वाळूवर किंवा काचमण्यांवर टेकवा, दोन्ही पृष्ठभाग वेगवेगळे काढा, आणि प्रत्येक नमुन्यात तोच कोन ठेवा. काढलेली जोडी छोट्या कुपीत घालून त्याच खेकड्याच्या बरणीत परत ठेवायची. वेगळ्या कपाटात ठेवलेले गोनोपॉड कोणत्या खेकड्याचे, हा प्रश्न जुन्या संग्रहांत नेहमी पडतो.

गोनोपॉडनंतर बाकीचं शरीर, आणि यात कंटाळा नको. तोंडावर झाकणासारखे बसलेले पाय, म्हणजे तिसरे मॅक्सिलिपेड: त्यांच्या बाहेरच्या फांदीला चाबकासारखा भाग आहे, आखूड आहे की नाहीच? जबड्याचा पाल्प, म्हणजे त्याला जोडलेला खंडाखंडांचा छोटा अवयव: जेकार्सिन्युसिडीत त्याचा शेवटचा खंड दोन पाळ्यांचा, पोटॅमिडीत साधा. यासाठी शवविच्छेदन करावं लागतं, तेव्हा ते मुख्य नमुन्यावर करायचं नाही, दुसऱ्या खेकड्यावर करायचं. कपाळाखाली मध्यभागी त्रिकोणी फुगवटा अनेक जेकार्सिन्युसिडींत असतो, त्याच्या कडा पूर्ण आहेत की तुटक ते पाहा. डोळ्याच्या खोबणीचा बाहेरचा दात आणि त्यामागचा दुसरा दात धारदार आहेत की बोथट. खोबणीमागची आडवी धार सलग आहे की मध्ये तुटते. कवचावरची मानेची खाच कुठपर्यंत जाते. छातीच्या तळावरच्या सांध्यांच्या रेषा पूर्ण आहेत की अर्ध्यावर विरतात. चालण्याच्या पायाच्या लांब खंडाची लांबी रुंदीच्या किती पट: बिळात राहणाऱ्यांचे पाय साधारण आखूड आणि जाडसर, कपारीत किंवा झाडावर चढणाऱ्यांचे लांब आणि सडपातळ.

मोजमापं व्हर्नियर कॅलिपरनं, ०.१ मिलिमीटरपर्यंत. कवचाची सर्वांत जास्त रुंदी, मध्यरेषेवरची लांबी, उंची आणि कपाळाची रुंदी एवढी चार तरी प्रत्येक नमुन्याची हवीत. नुसत्या आकड्याला अर्थ नसतो, गुणोत्तराला असतो. ‘कवच रुंद’ असं लिहिलं तर वाचणारा विचारणार, कशापेक्षा? ‘रुंदी लांबीच्या १.४ पट’ असं लिहिलं तर त्याला स्वतःचा नमुना मोजून बघता येतो.

पण गुणोत्तरही फसवतं, कारण खेकडा वाढताना नुसता मोठा होत नाही, त्याचा आकारही बदलतो. पिल्लांत धारा आणि दात तीक्ष्ण असतात, म्हाताऱ्या नरांत झिजून बोथट. वयाबरोबर कवच रुंदावतं, कल्ल्यांवरचा भाग फुगतो. मोठ्या नराची एक नांगी प्रमाणाबाहेर वाढते आणि तिच्या बोटांत फट पडते. ती नांगी पूर्वी तुटून पुन्हा उगवलेली असेल तर लहान आणि सडपातळ राहते. तुमच्याकडे ४५ मिलिमीटरचा नर आणि जुन्या प्रजातीचा २० मिलिमीटरचा नर एवढ्यावर तुलना केलीत तर फरकांची लांबलचक यादी हाती येईल आणि तिच्यातलं बरंचसं वयाचं असेल. नराशी नर, मादीशी मादी, आणि मापाला माप. नुकती कात टाकलेला मऊ खेकडाही बाजूला ठेवा, अल्कोहोलमध्ये त्याचं कवच दबतं.

किती नमुने लागतात? एका नरावरून प्रजाती मांडता येते, नियमात बसतं, पण फरक त्या एका प्राण्याचा की सगळ्यांचा हे कळत नाही. काही पूर्ण वाढलेले नर, काही माद्या, दोनचार लहान, एवढं असलं की मांडणीला वजन येतं. त्याहून जास्त धरण्यात शहाणपण नाही: ज्यांचा सगळा पसारा एका डोंगरमाथ्यापुरता आणि अंडी मोजकी, त्यांच्यात प्रत्येक मादी महाग.

वेळ सगळ्यात जास्त खातात ती जुनी नावं. घाई करणारे नेमकं तेच टाळतात. ब्रिटिश लष्करी अधिकारी साइक्सनं दख्खनमध्ये पाहिलेल्या खेकड्याला वेस्टवुडनं १८३६ मध्ये नाव दिलं. आज तो बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस. एच. मिल्न एडवर्ड्सनं १८४४ मध्ये जेकार्सिन्युकस जॅकमाँटिआय मांडला. त्यानंतर मेरी रॅथबन १९०४ पासून, कोलकात्याच्या संग्रहावर अल्कॉक १९०९-१० मध्ये, आणि रिचर्ड बॉट १९७० मध्ये, अशा एकेकानं या यादीवर काम केलं. बॉटनं कित्येक खेकडे उपप्रजाती म्हणून एकत्र गुंफले, आणि पुढच्या अभ्यासकांना त्यांतले बरेच पुन्हा सोडवावे लागले. जुन्या वर्णनात ठिकाण म्हणून एखादा अख्खा प्रांत असतो, चित्र एकच असतं, गोनोपॉडचं नावही नसतं. तरी ते नाव जिवंत असतं. तुमचा खेकडा त्याच नावाचा निघाला तर तुमचं नाव समानार्थी ठरून बाजूला पडतं, कारण मान पहिल्या नावाला.

म्हणून जवळच्या प्रत्येक प्रजातीचा मूळ नमुना, म्हणजे ज्यावरून तिला नाव मिळालं तो खेकडा, बघायचा. पॅरिस, लंडन, कोलकाता, जिथे असेल तिथे जाऊन, नाही तर संग्रहपालाकडून ठरावीक कोनांतले फोटो मागवून. गोनोपॉडचा फोटो मागायला विसरू नका. मूळ नमुना कोरडा, तुटका किंवा मादी असेल तर त्या प्रजातीच्या मूळ ठिकाणावरून पकडलेले ताजे नर हा उत्तम उपाय. तेही जमत नसेल तर त्या प्रजातीबद्दल तुमचं विधान तितकंच सावध हवं.

डीएनएवर मी थोडंच बोलणार. खेकड्यांत साधारण मायटोकाँड्रियातली सीओआय आणि १६एस ही जनुकं वाचतात. सीओआयचा नेहमीचा तुकडा ६५८ बेसचा, म्हणजे डीएनएच्या ६५८ अक्षरांचा. खेकड्यांत या जनुकाच्या निकामी नकला केंद्रकातल्या डीएनएत शिरलेल्या असतात, आणि यंत्र कधी कधी खऱ्याऐवजी नक्कल वाचतं. क्रमात मध्येच थांबा-संकेत दिसला किंवा यंत्राच्या आलेखात दोन शिखरं एकावर एक आली तर तो क्रम टाकून द्या. ‘इतके टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती’ असा सर्वत्र लागू पडणारा आकडा नाही. शरीरातला फरक आणि जनुकांतला फरक एकाच दिशेनं बोट दाखवत असतील तर मांडणी भक्कम होते. नावाचा आधार असलेल्या मुख्य नमुन्याचा, म्हणजे होलोटाइपचाच क्रम असला तर उत्तम, नंतर वाद झाला तर त्याच प्राण्याकडे परत जाता येतं.

होलोटाइप म्हणजे ज्याच्याशी नाव कायमचं बांधलं जातं तो एकच नमुना. तो पूर्ण वाढलेला नर निवडा, सगळे पाय शाबूत, गोनोपॉड अखंड. बाकीचे पॅराटाइप. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता, सध्याची चौथी आवृत्ती, १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिची अट अशी की होलोटाइप स्पष्टपणे नेमलेला हवा आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला किंवा ठेवला जाणार हे लिहिलेलं हवं. नाव नवं असल्याचंही निबंधात उघडपणे सांगावं लागतं. आणि १९३० नंतरच्या नावांसाठी वेगळेपण शब्दांत मांडलेलं हवं, नुसतं चित्र किंवा नुसता फोटो चालत नाही.

हे वेगळेपण ज्या परिच्छेदात येतं त्याला डायग्नोसिस म्हणतात. निबंधात सर्वात जास्त वाचला जातो तो हाच, आणि बहुतेकांचा बिघडतो तोही हाच. त्यात जीनसमधल्या सगळ्यांना लागू पडणारी लक्षणं घुसडू नका. एकेक लक्षण असं घ्या की त्यानं निदान एक तरी जवळची प्रजाती गळून पडेल. सविस्तर वर्णन वेगळं, तिथे कपाळापासून शेपटीपर्यंत सगळं येऊ द्या. नंतरच्या चर्चेत तुलना जोडीजोडीनं करा: या प्रजातीत जी-वनचं टोक असं, त्या प्रजातीत तसं. ‘जी-वनच्या आकारावरून वेगळी ओळखता येते’ एवढंच लिहिलेलं वाक्य वाचणाऱ्याला काहीच देत नाही.

चित्रं कॅमेरा ल्युसिडानं काढायची, म्हणजे सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा कागदावर पडते आणि तिच्यावरून रेघ ओढता येते. फोटो हवेतच, पण केसांच्या जंगलात लपलेली कडा रेखाटनात जशी स्पष्ट होते तशी फोटोत होत नाही. एक बाजू केस दाखवून आणि एक केस काढून टाकून रेखाटली तर सोन्याहून पिवळं. ‘दहापट मोठं’ असं कधी लिहू नका. छापताना चित्र लहान होतं आणि ते वाक्य खोटं पडतं. चित्रातच मिलिमीटरची पट्टी काढा, ती चित्राबरोबर लहानमोठी होते.

मग नाव. इथे आनंद असतो आणि चुकाही. पुरुषाच्या सन्मानार्थ नाव असेल तर शेवटी ‘आय’, स्त्रीच्या असेल तर ‘ए-ई’: गुबर्नेटोरियाना अल्कॉकाय हे अल्कॉकवरून. लॅटिन विशेषण वापरलं तर त्याचं लिंग जीनसशी जुळवावं लागतं. घाटियाना स्त्रीलिंगी, म्हणून नारिंगी खेकडा ऑरँशियाका. जीनस पुल्लिंगी असता तर ऑरँशियाकस झाला असता. मराठी किंवा संस्कृत शब्द तसाच घेतला तर ही कटकट नाही. २०२२ मध्ये नाव मिळालेल्या घाटियाना द्विवर्णाचा जीनस उद्या बदलला तरी नियमाप्रमाणे ‘द्विवर्णा’चा शेवट बदलायचं कारण नाही. ख्रिसमस बेटावरच्या निळ्या खेकड्याचा जीनस तर बदललाच. २०१८ मध्ये तो तुर्कायाना या नव्या जीनसमध्ये गेला, तेव्हापासून इंग आणि डेव्ही, २०१२ ही नावं कंसात लिहितात. कंसाचा अर्थ एवढाच, की मूळ नाव दुसऱ्या जीनसमध्ये दिलं होतं. अधूनमधून ‘कंस चुकून पडलाय’ म्हणून तो काढून टाकणारे संपादक भेटतात.

नाव निबंधाआधी कुठेही फोडू नका. वर्णनाशिवाय बाहेर पडलेलं नाव संहितेच्या दृष्टीनं उघडं, निराधार. ते दुसऱ्या कोणी आपल्या वर्णनासह छापलं तर ते त्याचं होतं. फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या निबंधाची झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंद करावी लागते आणि त्या नोंदीचा पुरावा निबंधातच छापलेला असावा लागतो. ही सवलत २०११ नंतरच्या प्रकाशनांना आहे. नोंद निबंधानंतर केली तर केवळ इलेक्ट्रॉनिक आवृत्तीवर नाव उपलब्ध होत नाही, मग निबंध कितीही सुंदर असो.

निबंध निघाला की होलोटाइप तुमच्या कपाटातून संग्रहालयात जायला हवा. छापलेला नोंदणी क्रमांक आणि बरणीतला क्रमांक एकच आहे हे स्वतः ताडून पाहा, आकड्यांची अदलाबदल फार होते. नवं लेबल घातलं तरी खेकडा धरला तिथेच लिहिलेलं जुनं, डागाळलेलं लेबल काढू नका, ते आतच राहू द्या. बरणीचं झाकण कितीही घट्ट असलं तरी इथेनॉल पाण्याआधी उडतं. पातळी थोडीच उतरलेली दिसते, पण उरलेला द्रव पातळ झालेला असतो. म्हणून वर्षातून एकदा नुसती भर न घालता तीव्रता मोजायची, आणि गोनोपॉडची कुपी तळाशी आहे ना, ते उजेडात धरून बघायचं.